वीस वर्षांची गाडी मोडीत काढताना : पुण्याजवळच्या एका नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राचे परीक्षण

आमची वॅगन आर ऑक्टोबर २००५ मध्ये घरी आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही ती मोडीत काढली. त्यासाठी नेहमीच्या भंगारवाल्याकडे न जाता आम्ही सरकारी परवान्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राची निवड केली. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या केंद्राच्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दामच देत नाही. पुढे ज्या उणिवा लिहिणार आहे त्या त्या एकाच जागेपुरत्या असतील असे मला वाटत नाही, आणि ज्या कामाची मनापासून प्रशंसा करणार आहे त्यातले बरेचसे काम नियमांनी सगळ्याच केंद्रांवर बंधनकारक केलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : कुंपणाच्या आतले काम उत्तम आहे, ग्राहकाशी होणारा व्यवहार मात्र ढिसाळ आहे. तरीही जुनी गाडी द्यायची वेळ आली तर मी पुन्हा अशाच केंद्राकडे जाईन.

गाडी मोडीत काढण्याच्या निर्णयापर्यंत आम्ही सहज आलो नाही. महाराष्ट्रात गाडीला पंधरा वर्षे झाली की ती रस्त्यावर आणता येत नाही, असा एक समज सर्वत्र पसरला आहे. पण तो दिल्लीतील निर्बंधांवरून आलेला आहे आणि आपल्याकडे तो लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरली आणि पर्यावरण कर भरला तर ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आम्ही २०२० मध्ये तशी ती वाढवून घेतलीही होती. या वेळी गणित वेगळे झाले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील मोटारींचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले होते, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षे उलटलेल्या हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. त्यात पर्यावरण कर आणि २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांची भर पडत होती. गाडी ज्यांच्या हातून वीस वर्षे दुरुस्त झाली त्या मेकॅनिकनी खालचा पत्रा सडल्याचे दाखवले आणि क्लच, सस्पेन्शन व पत्र्याचे काम मिळून ४५,००० रुपयांचा अंदाज दिला. त्याउपर ते म्हणाले, "मॅडम, पैसे घेऊन मी काम करीन, पण ही गाडी आता पावसाळ्यात घाटात नेऊ नका." त्या एका वाक्याने आमचा विचार पक्का झाला.

गाडी तालुक्याच्या गावी विकण्याचा पर्यायही पुढे आला होता आणि गिऱ्हाईकही मिळत होते. तो आम्ही नाकारला, त्याची कारणे लिहिणे मला आवश्यक वाटते. आमची गाडी भारत स्टेज तीन या जुन्या धूर-मानकाची होती. त्या मानकानुसार पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे २.३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.१५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहामध्ये याच मर्यादा १ ग्रॅम आणि ०.०६ ग्रॅम आहेत. शिवाय जुने आकडे गाडी नवी असतानाचे. वीस वर्षांत झिजलेले इंजिन आणि धूर शुद्ध करणारा पण थकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या मर्यादेत राहत नाहीत. गाडी गावाकडे विकली असती तर धूर थांबला नसता, केवळ आमच्या गल्लीतून तो दुसऱ्याच्या अंगणात गेला असता. दुसरे कारण कायद्याचे होते. नाव हस्तांतरित न करता हातोहात फिरणाऱ्या जुन्या गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. अपघात झाला किंवा गाडी गुन्ह्यात सापडली तर पोलीस कागदावरच्या मालकाच्या दारात येतात.

राहिला प्रश्न भंगाराच्या भावाचा, आणि बहुतेक जण तिथेच अडतात. पेठेतल्या भंगारवाल्याने गाडी न पाहता फोनवरच २७,००० रुपये देऊ केले. केंद्राने आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, ८२५ किलो वजन धरून किलोला ३० रुपयांप्रमाणे २४,७५० रुपये सांगितले. वरवर पाहता भंगारवाला सरस ठरतो. पण केंद्राकडून पैशांबरोबर गाडी मोडीसाठी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते, ज्याला तिथे सगळे सीओडी म्हणतात, आणि त्याची किंमत नवी गाडी घेताना कळते. ते दाखवले की नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते. केंद्र सरकारने खासगी वाहनांना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना दिली आहे; महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ही सवलत १५ टक्के ठरवली. आम्ही घेतलेल्या पेट्रोल गाडीची शोरूम किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. तिच्यावर ११ टक्क्यांनी ६६,००० रुपये कर बसत होता, त्यातले ९,९०० रुपये वाचले आणि नोंदणी शुल्काचे ६०० रुपये वेगळे वाचले. म्हणजे भंगारवाल्याचा वरचढ भाव जमेस धरूनही केंद्राकडे जाणे आम्हाला सात हजार रुपयांहून अधिक फायद्याचे ठरले.

वाहन उत्पादकांच्या सवलतीबद्दल मात्र मी फारशी आशा ठेवू नका असेच सांगेन. २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर होताना सरकारने कंपन्यांना नव्या गाडीवर ५ टक्के सूट देण्याचा सल्ला दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रवासी वाहनांच्या अनेक कंपन्यांनी प्रत्यक्षात तयारी दाखवली ती दीड टक्का किंवा २०,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याची, आणि तीही मर्यादित काळासाठी. आम्ही ज्या वितरकाकडून गाडी घेतली त्याने सणासुदीची सूट आणि भंगार सूट यांपैकी एकच मिळेल असे सांगितले, आणि सणाची सूट मोठी होती. जुन्या गाडीला नवीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मोल मिळेल हे धोरणातले गृहीतकही आमच्या बाबतीत काठावरच राहिले, कारण हाती आलेली अखेरची रक्कम हिशेबाने ३.९५ टक्के भरली. ती फोनवर ठरलेल्या रकमेपेक्षा कमी का झाली, ते आता सांगते.

केंद्राबद्दलच्या माझ्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्ही टाळता येण्यासारख्या आहेत. पहिली तक्रार वजनाची. फोनवर भाव सांगताना आरसीवरचे वजन धरले गेले, दाराशी मात्र गाडी वजनकाट्यावर चढवली आणि काटा ७९० किलोवर थांबला. स्टेपनी आम्ही आधीच काढून ठेवली होती, मागची सीट पूर्वी बदललेली होती आणि टाकीत पेट्रोल नावापुरते होते, त्यामुळे पस्तीस किलोंची तूट मला अन्याय्य वाटली नाही. काट्याची पावतीही लगेच मिळाली आणि ७९० किलोंचे २३,७०० रुपये चार दिवसांत खात्यावर जमा झाले. तथापि अखेरचे मोल काट्यावर ठरेल, आरसीवर नाही, ही गोष्ट पहिल्याच फोनवर सांगायला हवी होती. गाडी दोरीने बांधून तासभर लांब नेल्यानंतर भाव कमी झाल्याचे ऐकणारा माणूस परत फिरू शकत नाही, आणि अशा वेळी रास्त हिशेबही त्याला फसवणुकीसारखा वाटतो.

दुसरी तक्रार गाडी नेण्याची. महापालिका हद्दीतून गाडी विनामूल्य नेली जाईल असे आश्वासन होते. दोनदा दिवस ठरला आणि दोन्ही वेळा कोणी आले नाही, फोनही केला नाही. तिसऱ्या वेळी टोइंगची गाडी आली तेव्हा चालकाने अतिशय काळजीपूर्वक काम केले, पण त्यापूर्वी माझ्या पतींच्या दोन रजा वाया गेल्या होत्या. तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार ठेव प्रमाणपत्राची आहे. ते सात दिवसांत मिळेल असे सांगितले होते, मिळाले एकोणिसाव्या दिवशी. मधल्या काळात गाडी आमच्या ताब्यात नव्हती आणि कागदावर मात्र आमचीच होती. दर वेळी फोनवर वेगळी व्यक्ती असे आणि प्रत्येकीला सारी हकिगत पुन्हा सांगावी लागे. ज्याची नवी गाडी वितरकाकडे तयार उभी आहे आणि करसवलत या कागदावर अवलंबून आहे, त्याला हा उशीर परवडणारा नाही.

कागदपत्रांबद्दल एक सूचना इथेच करते, कारण आमचे तीन आठवडे त्यात गेले आणि त्यात केंद्राचा दोष नव्हता. गाडी कर्जावर घेतली होती, कर्ज २०१० मध्ये फिटले, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला. बोजा असलेली गाडी केंद्र स्वीकारत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या कर्जाचे ना हरकत पत्र मिळवण्यासाठी बँकेच्या शाखेत हेलपाटे घालावे लागले. आपल्या जुन्या गाडीच्या आरसीवर बँकेचे नाव अजून आहे का, ते गाडी विकायचा किंवा मोडायचा विचार नसतानाही आजच पाहून ठेवावे. त्याखेरीज मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला धनादेश एवढेच लागले. वाहतूक दंडाची न भरलेली चलने मात्र आधी भरून टाकावी लागतात.

आता आतल्या कामाविषयी. मी विनंती केल्यावर केंद्राने मला हेल्मेट आणि चमकते जाकीट देऊन काम पाहू दिले. ग्राहकाला असे आत घेणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि ज्या पर्यवेक्षकांनी दोन तास माझ्या प्रश्नांना उत्तरे दिली त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. सुरुवातीला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून पाहिले गेले. गाडी चोरीची नाही, पोलिसांच्या कोणत्या तपासात ती अडकलेली नाही, याची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीवरून आणि 'वाहन' या सरकारी वाहन नोंदणी प्रणालीवरून आधीच झालेली होती. त्यानंतर गाडी एका उंच चौथऱ्यावर घेतली. पायाखालची फरशी काँक्रीटची, तिच्या कडेने गटारे, आणि ती गटारे तेल व पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत उतरवलेली. जमिनीवर तेलाचा थेंब मुरू न देणे हा तिथल्या बांधकामाचा पहिला हेतू आहे, हे कोणी न सांगताही दिसत होते.

सर्वांत आधी बॅटरी सोडवली. मग टाकीत राहिलेले पेट्रोल उपसले. त्यानंतर एका लहानशा यंत्राची नळी एसीच्या वाहिनीला जोडली आणि आतला वायू सिलिंडरमध्ये ओढून घेतला. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या काळच्या गाड्यांच्या एसीमध्ये आर-१३४ए हा वायू असतो, आणि हवेत सोडल्यास तो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. आमच्या गाडीतला बराचसा वायू वर्षानुवर्षे गळून गेला होता, यंत्रावर जेमतेम २०० ग्रॅम दिसले. पण ते २०० ग्रॅमही सुमारे २८० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. साध्या भंगारच्या आवारात हीच नळी पक्कडीने तोडली जाते, एक क्षण फुस्स असा आवाज येतो आणि काम पुढे चालू होते. त्या आवाजाची किंमत कोणाच्याही काट्यावर दिसत नाही.

पुढे इंजिनातले तेल, गिअरचे तेल, ब्रेक ऑइल आणि कूलंट वेगवेगळ्या पिंपांत उतरवले गेले. हे द्रव एकत्र झाले की त्यांचा पुनर्वापर अवघड होतो, म्हणून प्रत्येक पिंपावर नाव आणि तारीख होती. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, ते परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जाते. बॅटरीचेही तसेच : तिच्यातले शिसे आणि आम्ल हाताळण्याचे नियम २०२२ पासून वेगळे आहेत. आमच्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. शेजारच्या चौथऱ्यावरच्या गाडीच्या एअरबॅग मात्र आधी निकामी करून मगच स्टिअरिंगला हात लावला गेला, कारण त्यांतला स्फोटक घटक न फुटलेला राहिला तर तो पुढे कापणाऱ्याच्या तोंडावर उडू शकतो. सीएनजीच्या गाड्यांच्या टाक्याही अशाच आधी रिकाम्या करून वेगळ्या काढल्या जातात. गाडी अशी रिकामी झाल्यावरच तिचे सुटे भाग काढायला सुरुवात होते. एका गाडीला हा टप्पा पार करायला दीड तास लागला. भंगारवाल्याच्या २७,००० आणि केंद्राच्या २३,७०० रुपयांमध्ये जो फरक आहे त्याचे कारण मला त्या दीड तासात मिळाले : केंद्र या कामावर खर्च करते, आणि बाहेर हा खर्च जमीन, ओढा आणि कामगारांची फुप्फुसे उचलतात.

सुट्या भागांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेगळ्या कुलूपबंद पेटीत गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अत्यल्प प्रमाणात असतात आणि ते पुन्हा मिळवता येतात. इंजिनाच्या हेडचे आणि रेडिएटरचे अॅल्युमिनियम निराळे काढले. खनिजापासून अॅल्युमिनियम करण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा जुने अॅल्युमिनियम वितळवून घेतल्याने वाचते, त्यामुळे त्याला भावही चांगला मिळतो. दोन तरुण तांब्याच्या तारांचे जाळे इतक्या बारकाईने ओढून काढत होते की मला आधी त्यात केवळ तांब्याच्या भावाचे कारण दिसले. पर्यवेक्षकांनी दुसरे कारण समजावले : पोलादात तांबे मिसळले तर भट्टीत ते वेगळे काढता येत नाही, आणि असे पोलाद तापवून लाटताना त्याला तडे जातात. म्हणजे तार नीट न काढलेली एक गाडी पुढच्या सळईचा दर्जा बिघडवते.

शेवटी उरलेला सांगाडा दाबयंत्रात गेला आणि साधारण एका ट्रंकेएवढा गठ्ठा होऊन बाहेर आला. असे गठ्ठे जालन्याच्या भट्ट्यांकडे जातात, असे पर्यवेक्षक म्हणाले. जालन्याची ओळख बियाण्यांइतकीच सळईसाठीही आहे. तिथले कारखाने विजेच्या भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करतात आणि त्यांना लागणारे भंगार बंदरांतून कंटेनर भरभरून परदेशांतून येत आले आहे. आपल्याच रस्त्यांवरच्या म्हाताऱ्या गाड्या नीट गोळा झाल्या तर त्या आयातीचा काही भाग घरातूनच भागेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार पुनर्वापर धोरणाचाही मुख्य रोख हाच होता. जागतिक पोलाद संघटनेच्या आकड्यांनुसार एक टन भंगार वापरले की १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते व १.५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. आमच्या गाडीतून ढोबळमानाने अर्धा टन पोलाद निघाले असे धरले, तर ७०० किलो खनिज आणि ३७० किलो कोळसा जमिनीतच राहिला. भट्टी चालवणारी वीजही आपल्याकडे बरीचशी कोळशाचीच आहे, हे विसरून चालणार नाही. तरी खनिजापासून सुरुवात करण्यापेक्षा ही वाट निश्चितच हलकी आहे.

सगळेच काही परत मिळत नाही, आणि केंद्राने ते लपवलेही नाही. सीटचा फोम, डॅशबोर्डचे मिश्र प्लास्टिक, पुढची दोन थरांची काच आणि दारांची रबरे एका कोपऱ्यात ढिगाने पडली होती. यातले काही सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्यासाठी जाते, काहीला गिऱ्हाईकच नाही. कंपन्यांनी गाडी बनवतानाच ती सोडवायची कशी याचा विचार केला तर हा ढीग कमी होईल. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांनी उत्पादकांवर प्रथमच अशी जबाबदारी टाकली आहे, पण तिचे मोजमाप पोलादात होते : २०२९-३० पर्यंत त्यांनी पूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या ८ टक्के पोलाद पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रे मिळवायची आहेत. पोलादाला असेही गिऱ्हाईक होतेच. फोम आणि प्लास्टिकला नाही, आणि खरी सक्ती तिथे हवी होती असे मला वाटते. ही प्रमाणपत्रे उत्पादक भंगार केंद्रांकडून घेतात. तेव्हा आमच्या गाडीच्या पोलादावर केंद्राला भंगाराच्या भावाखेरीज जे उत्पन्न मिळेल, त्याचा थोडा वाटा मालकाला दिल्या जाणाऱ्या दरात दिसला पाहिजे. आज तो दिसत नाही आणि विचारले तर उत्तरही मिळत नाही.

भंगारवाल्यांविषयी लिहिताना मला अन्याय करायचा नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांनी जुन्या गाडीचा आरसा, दाराचा हँडल किंवा अल्टरनेटर शोधला आहे, त्यांना ठाऊक आहे की वस्तूचा पुनर्वापर या लोकांइतका कोणालाच जमलेला नाही. चालू स्थितीतला भाग वितळवण्यापेक्षा तसाच दुसऱ्या गाडीला बसवणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने केव्हाही श्रेष्ठ, आणि या बाबतीत केंद्र मागे आहे : आमच्या गाडीचा दोन वर्षांपूर्वी नवा बसवलेला रेडिएटर चांगल्या स्थितीत होता, तो मी डोळ्यांदेखत अॅल्युमिनियमच्या ढिगात जाताना पाहिला. पेठेतल्या भंगारवाल्याने तो कधीच तोडला नसता. तारा ओढणारे ते दोन तरुण पूर्वी अशाच एका आवारात हातमोज्यांशिवाय काम करत होते, आता त्यांना गमबूट, मास्क आणि महिन्याचा ठरलेला पगार आहे. ही माणसे आणि त्यांचे कसब केंद्रांत यावे, केंद्रांच्या हिशेबात सुट्या भागांच्या विक्रीला जागा मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

शेवटचा टप्पा मी मुद्दाम थांबून पाहिला. चेसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कटरने कापून वेगळा काढला, त्याला चिठ्ठी बांधली आणि तो कपाटात ठेवला. गाडी मोडल्याचे वाहन भंगार प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने हा तुकडा जपून ठेवण्याचे बंधन सप्टेंबर २०२१ च्या नियमांत आहे. चोरलेल्या गाडीवर मोडलेल्या गाडीचा नंबर चढवण्याचा जो धंदा चालतो, त्याला याने आळा बसतो. भंगारवाल्याकडे दिलेल्या गाडीचा हाच तुकडा कुठे जातो, हे मालकाला कधीच कळत नाही. ठेव प्रमाणपत्र उशिरा का होईना आले, तेव्हा मी 'वाहन' संकेतस्थळावर आमचा नंबर टाकून पाहिला. नोंदणी रद्द झाल्याचे दिसत होते. त्यानंतर फास्टॅग बंद केला आणि विमा कंपनीला कळवले. ही दोन कामे केंद्र करत नाही, आपणच करावी लागतात.

कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांची आहे, तपासणीत उत्तीर्ण होते आणि महिन्याला थोडीच फिरते, त्यांनी सवलतीच्या मोहाने ती मोडू नये. नवी गाडी बनवण्यासाठीही खनिज, वीज आणि पाणी खर्च होते, आणि चांगली गाडी अकाली मोडणे हा त्या साऱ्याचा अपव्यय आहे. ज्यांना नवी गाडी घ्यायचीच नाही, त्यांनी केंद्राला ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला विकण्याविषयी विचारावे. ते हस्तांतरित करता येते आणि त्यासाठी एमएसटीसी या सरकारी कंपनीचे डिजिईएलव्ही हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. परंतु ज्यांची गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात चार पावसाळे उभी आहे, चाके जमिनीत रुतली आहेत आणि बॅटरीतून आम्ल झिरपते आहे, त्यांनी आता वाट पाहू नये. पुण्यात महिंद्रा आणि टाटा मोटर्स यांच्या नावाने चालणारी केंद्रेही आहेत. किमान दोन ठिकाणी फोन करावा, भाव काट्यावरच्या वजनाचा की आरसीवरच्या, गाडी कोण व कधी नेणार आणि प्रमाणपत्र किती दिवसांत मिळणार, हे लेखी मागावे.

काम संपल्यावर मी केंद्राला पत्र लिहून तीन गोष्टी सुचवल्या : दराबरोबरच वजनाची पद्धत फोनवर सांगावी, प्रत्येक गाडीसाठी एकच संपर्क व्यक्ती नेमावी, आणि चालू स्थितीतले सुटे भाग ढिगात टाकण्यापूर्वी विक्रीसाठी वेगळे ठेवावेत. पहिल्या सूचनेवर त्यांचे उत्तर आले आणि दाराशी तसा फलक लावल्याचे छायाचित्रही त्यांनी पाठवले. उरलेल्या दोन सूचनांचे उत्तर अद्याप आलेले नाही.